भाजी आणण्याच्या कामातून कायमची सुटका : एक शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका

अंबड तालुक्यातल्या वडीगोद्री आणि पंचक्रोशीतल्या ज्या गृहस्थांच्या हातात पिशवी कोंबून त्यांना भाजीला पिटाळलं जातं, त्यांच्या हितासाठी ही मार्गदर्शिका आहे. कामाला नकार देऊ नये, त्याने भांडण होतं. उलट काम अत्यंत काटेकोरपणे, वनस्पतिशास्त्राला धरून करावं. काही बाजारांतच घरचे स्वतःहून पिशवी काढून घेतात.

पायरी १ : चिठ्ठी शास्त्राप्रमाणे वाचावी

'पाहुणे येणारेत, फळं आणा' असं लिहिलं असेल, तर मोसंबीच्या ढिगाकडे ढुंकूनही पाहू नये. वांगी, टोमॅटो आणि दोडकी घ्यावीत. फुलाच्या बीजांडकोशापासून तयार होतं आणि पोटात बिया बाळगतं, ते फळ. कुणी हरकत घेतली तर अमेरिकेचा दाखला द्यावा. तिथे आयात भाजीवर दहा टक्के जकात होती, फळांवर नव्हती. टोमॅटो हे फळच आहे, असं म्हणत निक्स नावाचे व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८९३ साली न्यायालयाने मान्य केलं की शास्त्रानुसार ते फळ आहे. इथे थांबावं. बाजारात आणि स्वयंपाकघरात मात्र टोमॅटोला भाजीच समजतात, म्हणून जकात भरा, हा निकालाचा उरलेला भाग घरी सांगू नये.

पायरी २ : पालेभाजी म्हटलं की कांदे आणावेत

कांद्याचे पापुद्रे म्हणजे अन्न साठवून जाडजूड झालेले पानांचे तळ. म्हणजे दोन किलो कांदे ही दोन किलो पालेभाजीच झाली. उलट कडधान्य सांगितलं असेल, तर मेथीची जुडी घ्यावी. मेथी तूर-हरभऱ्याच्या कुळातली, तिलाही शेंगाच लागतात. फुलकोबी सांगितली आणि पत्ताकोबी स्वस्त असली, तर बिनधास्त पत्ताकोबी घ्यावी. दोघी आणि नवलकोल मिळून प्रजाती एकच. माणसाने निवड करत करत एकीचा फुलोरा फुगवला, दुसरीचा शेंडा, तिसरीचं खोड.

पायरी ३ : भेंडीसमोर व्याख्यान द्यावं

भेंडी हे जास्वंदीच्या कुळातलं झाड, म्हणजे कपाशीची चुलत बहीण. वडीगोद्रीच्या शिवारात कपाशी पाहून पाहून डोळे थकले तरी हे नातं आपल्या लक्षात येत नाही. ठिपक्यांच्या बोंडअळीला ते पाठ आहे, ती दोन्ही घरी सारख्याच हक्काने उतरते. पुढे जालन्याकडे वळावं. बद्रीनारायण बारवाले यांनी हळद्या रोगाला दाद न देणाऱ्या 'पुसा सावनी' भेंडीचं बी दिल्लीहून आणून वाढवलं, १९६४ साली जालन्यात महिको कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एवढं सांगून होईपर्यंत कोवळी भेंडी बाकीच्यांनी निवडून नेलेली असते. उरलेली जून भेंडी अभिमानाने घरी न्यावी.

पायरी ४ : किडक्या वांग्याची जबाबदारी धोरणावर टाकावी

वांगं चिरलं आणि आत अळी निघाली, तर शांतपणे सांगावं की शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या याच अळीसाठी जालन्याच्या महिकोने बीटी वांगं तयार केलं होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये तांत्रिक समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला, ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. बांगलादेशातल्या शेतकऱ्यांनी मात्र २०१४ पासून ते लावलं. तेव्हा दोष निवडणाऱ्याचा नाही, धोरणाचा आहे.

पायरी ५ : गवारीचा भाव करताना मौन पाळावं

गवारीच्या बियांचा डिंक तेल आणि वायूच्या विहिरींत खडक फोडायच्या पाण्याला दाटपणा आणायला वापरतात. अमेरिकेत अशा विहिरींचा धडाका सुरू झाला आणि २०१२ च्या सुमारास आपल्याकडे गवारबियांचे भाव आभाळाला टेकले. ही माहिती विक्रेत्या मावशींना देऊ नये. दिल्यास संवाद असा होतो :

"मावशी, ही गवार साधी नाही, अमेरिकेत तेल काढायला लागते."

"असं हाय व्हय? मग पावशेर वीसला कशाला देऊ? तीस द्या."

धोक्याची सूचना

दोन ठिकाणी शास्त्र खरोखरच पाळावं. कडू लागलेला दुधी आणि हिरवा पडलेला बटाटा टाकून द्यावा. दोन्हींतली कडवट द्रव्यं विषारी असतात. इथे घरच्यांशी वाद घालू नये.

विशेष खबरदारी : एकादशीच्या आठवड्यात ही मार्गदर्शिका बंद ठेवावी

आपण शिकवलेलं शास्त्र तोवर घरात मुरलेलं असतं. साबुदाण्याचा कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, हिरवी मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, हे घरच्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मग 'औंदा उपवास शुद्ध देशी' असा ठराव होतो आणि ताटात फक्त भगर येते. वरी इथलीच, त्यामुळे तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. शेंगदाण्याची आमटी मागू नये, तिखटासाठी मिरेपूड मिळेल. सोबत कोशिंबिरीला काकडी चालते, कारण काकडी अस्सल हिंदुस्थानी. ती घरात नसते आणि पिशवी दाराच्या खिळ्यालाच अडकवलेली असते.