बहुरूपी पोटॅशियमभाऊ यांस

मु. पो. नशिराबाद, जि. जळगाव

भाऊ, आपलं नातं जुनं. लाल पोटॅशच्या गोणीतून तुम्ही आमच्या केळीच्या बागेत उतरता, झाडं तुम्हाला आधाशासारखी पितात, आणि घडातून तुम्ही थेट आमच्या ताटात. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुमचा सत्कार राहूनच गेला. तो आज उरकून घेतो.

मागल्या उन्हाळ्यात आप्पांच्या पायातलं बळच गेलं. छातीत कसंसंच होऊ लागलं. ईसीजी काढला, तर छातीच्या पहिल्या दोन लीडमध्ये एसटी वर उचललेला. अटॅक! घरात रडारड, मुंबईहून काका निघालेसुद्धा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन भरायची तयारी झाली. (डॉक्टरांचं काही चुकलं नाही. छातीची तक्रार आणि ईसीजीची अशी पट्टी, म्हणजे आधी अटॅकच धरायचा.) तेवढ्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाई पट्टीवर बोट ठेवून थांबल्या. टी लहरी तंबूसारख्या टोकदार, पी लहर दिसेनाशी, क्यूआरएस पसरट. रक्ताचा रिपोर्ट आला: पोटॅशियम ७.८. असायला हवं ३.५ ते ५.

अटॅकचं काय सोंग वठवलंत! आमच्याकडे बहुरूपी फौजदार होऊन दारात दरडावतो, पण शेवटी हसून बिदागी मागतो. तुमचं तसं नाही. तुम्ही खरंच जीव घेऊन जाता. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय, की पट्टीवरची ही 'इजा' डायलिसिसने धुऊन निघते. तरी तुमचा प्रयोग अजून चालूच.

साथीदारही नामी जमवलेत. आप्पांच्या किडन्या मधुमेहाने थकलेल्या, म्हणजे तुम्हाला बाहेर काढणारे पहारेकरीच पेंगलेले. टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन, गोळ्या दोन्ही कामाच्या, पण तुम्हाला आग्रहाने ठेवून घेणाऱ्या. आणि आम्ही हौशी! बीपीला बरं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलं. पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे बागेला गोणीने घालतो, तेच आप्पांच्या वरणात चिमटीने. वर अशक्तपणावर उतारा म्हणून शहाळं, त्यातही तुम्हीच. ते मीच नेऊन दिलं होतं.

तुमची वरात निघाली ती अशी. आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट. त्याने तुमचा एक कणही घटत नाही, हृदय तेवढं तुमच्या दमदाटीला भीक घालेनासं होतं. दहा मिनिटांत पट्टी माणसात आली. मग ग्लुकोजसोबत इन्शुलिन देऊन तुम्हाला पेशींच्या आत हाकललं, जिथे तुमचा ९८ टक्के गोतावळा एरवी गुमान नांदत असतो. उरलेल्यांना डायलिसिसने बाहेरचा रस्ता दाखवला.

काका पोचले तेव्हा आप्पा चहा मागत होते. बिनसाखरेचा मिळाला म्हणून रागावलेही.

आता ओसरीवर टांगलेल्या घडाकडे बघत आप्पा विचारतात, "अर्धं तरी चालेल का रे, भो?" रक्ताचा रिपोर्ट परवा येणार आहे. तुम्ही किती आहात ते बघून सांगतो म्हटलंय.

आपला,
शहाळं नेऊन देणारा मुलगा