तुम्हाला नाही आवडणार ते

वाचनालयाच्या काउंटरवरून होणारी सगळ्यात जोरदार शिफारस म्हणजे, "तुम्हाला नाही आवडणार हो ते." आमच्या वाचनालयात देवघेवीला बसणाऱ्या बाईंनी हे वाक्य सिद्ध करून ठेवलेलं आहे. पुस्तक त्या हातातून काढून घेत नाहीत. फक्त दाखल क्रमांक लिहिता लिहिता पेन थांबवतात, चष्म्याच्या वरून बघतात आणि हळूच तेवढं बोलतात. समोरचा माणूस, विशेषतः नुकताच निवृत्त झालेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारलेला, लगेच ताठ होतो. मला काय आवडतं ते ह्या ठरवणार? पुस्तक घरी जातं, शेवटच्या पानापर्यंत वाचलं जातं, आणि आठवड्यानं तो मुद्दाम मोठ्यानं सांगायला येतो, "आवडलं बरं का!" बाई म्हणतात, "हो? नवलच." आणि शिक्का मारतात.

हे इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या कार्यकारिणीचे एक सदस्य मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले.

तिकडून येताना लोक बदाम आणतात. ह्यांनी कल्पना आणली. तिकडच्या ग्रंथालयांत म्हणे एक वेगळा कप्पाच असतो. तिथले कर्मचारी आपापली लाडकी पुस्तकं त्यात मांडतात आणि प्रत्येकाला स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावतात : मला हे का आवडलं. सभेत ही कल्पना एकमतानं मंजूर झाली, कारण तिला खर्च नव्हता. अनुदान कधी येईल ह्यावर आमच्या संस्थेचं सगळं वेळापत्रक अवलंबून असतं. महाराष्ट्रात दोन घटना एकाच वर्षी, १९६७ साली घडल्या : सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि 'मृत्युंजय' प्रसिद्ध झालं. पहिल्यामुळे आमच्या वाचनालयाला अनुदान मिळतं, दुसऱ्यामुळे वर्गणी. दोहोंत नियमित कोणती, ते सांगत नाही.

तर २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाचा मुहूर्त साधून, दाराशेजारच्या कपाटावर 'आमची शिफारस' अशी पाटी लागली. नारळ अध्यक्षांनी फोडला. तो पहिल्या फटक्यात फुटला नाही, ह्याचा अर्थ कोणी काढला नाही.

कर्मचारी तीन : बाई, नवी आलेली मुलगी आणि शिपाईकाका. बाईंनी पहिल्याच दिवशी 'रणांगण' ठेवलं. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तीवरचा आपला चक्रधर, देशोधडीला लागलेली ती ज्यू मुलगी हॅर्टा, आणि मागे युद्धाचं सावट. बाईंच्या मते मराठीत ह्याहून वरचढ काही झालेलं नाही. पण पुस्तक चिमुकलं. आमच्याकडचा वाचक कादंबरी आधी तळहातावर तोलून बघतो. "एवढंसंच? वर्गणी तर तेवढीच ना?" असं म्हणून एका गृहस्थांनी 'रणांगण' परत ठेवलं आणि 'पानिपत' उचललं. बाईंनी चिठ्ठी लिहिली होती ती अशी : "हे पुस्तक घ्यावे. दोनदा वाचावे. मुदतीत परत करावे." शिफारशीतसुद्धा मुदत! मला ते अजिबात खटकलं नाही. सात दिवसांत परत करायचं आहे हे कळल्याखेरीज मराठी माणूस पुस्तक उघडत नाही. विकत घेतलेली पुस्तकं आपल्या घरी वर्षानुवर्षं सुखात असतात ती त्यामुळेच.

नवी मुलगी ग्रंथालयशास्त्र शिकून आलेली. तिनं 'कोसला' ठेवलं. चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली होती आणि तीत 'अस्तित्व' हा शब्द बऱ्याचदा आला होता. ती 'कोसला' सगळ्यांना देई. बारावीच्या मुलाला 'कोसला', बँकेतल्या साहेबांना 'कोसला'. एक आजी "काहीतरी कौटुंबिक दे गं" म्हणत आल्या, त्यांनाही 'कोसला'. आम्ही नेहमीची मंडळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी श्वास रोखून बसलो. आजी ठरल्या दिवशी आल्या, पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हणाल्या, "चांगलंय. पण त्या पांडुरंगाच्या वडिलांनी एवढे पैसे पाठवायलाच नको होते. पुण्याला ठेवलं की मुलं बिघडतात." नेमाड्यांच्या ह्या कादंबरीवर १९६३पासून जे काही लिहिलं गेलं आहे, त्यात इतकं स्वच्छ मत माझ्या तरी वाचनात नाही. मुलगी मात्र दिवसभर गप्प होती.

शिपाईकाकांनी आधी साफ नकार दिला. "मी कुठं वाचतो साहेब? मी पुसतो." पण कल्पना आणणारे सदस्य ऐकेनात. शेवटी काका कपाटांमधून एक फेरी मारून आले आणि चार-पाच पुस्तकं आणून ठेवली. सगळी जाड रेक्झिनमध्ये बांधलेली, कण्यावर पांढऱ्या शाईनं नाव. चिठ्ठी त्यांनी मुलीकडून लिहून घेतली : "तीनदा बाइंडिंग झालंय. म्हणजे बघा." टीकाशास्त्रात ह्या निकषाला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण त्या कपाटातून सगळ्यात आधी उठली ती काकांची पुस्तकं. काकांना पुस्तकाची आतली गोष्ट माहीत नसते, बाहेरची असते. कोणतं पुस्तक परत येतं तेव्हा पानं मऊ झालेली असतात, कोणत्यात बसचं तिकीट विसाव्या पानावरच अडकलेलं सापडतं, कोणत्या रहस्यकथेत आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं 'खुनी माळी आहे' असं लिहून पुढच्यांची सोय करून ठेवली आहे, हे ते पुसता पुसता वाचतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या आमच्याकडे ज्या शिल्लक आहेत, त्यांतले किती खुनी असे फुटले आहेत, हे फक्त काका सांगू शकतील.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले गणिताचे प्राध्यापक रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, हे त्या मुलीनं मला समजावलं. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणजे वधूवर सूचक मंडळच म्हणायचं. दुसरा नियम बाई डोळे मिटून पाळतात. सायन्सवाल्या मुलांना त्या कविता देत नाहीत, परीक्षा झाली की देतात. नारायण धारप नेणाऱ्याला, घरी एकटेच आहात का, हे विचारून घेतात. आमच्याकडे एक निवृत्त अभियंते फक्त दुसऱ्या महायुद्धावरची पुस्तकं न्यायचे. पत्नी गेल्यावर महिनाभर आले नाहीत. आले तेव्हा सवयीनं युद्धाच्या कपाटाकडे वळले. बाईंनी न विचारता त्यांच्या कार्डावर कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' लिहिलं आणि पुढं सरकवलं. त्यांनी नाव वाचलं, काही न बोलता पिशवीत टाकलं. मुदत दोनदा वाढवून घेतली. परत आलं तेव्हा आमटीच्या पानावर हळदीची बोटं उठली होती. पुस्तक खराब केल्याचा दंड आमच्या नियमावलीत आहे. बाईंनी पान उलटून बघितलं आणि, "आता भाज्यांकडे वळा," म्हणाल्या. ते पुस्तक 'आमची शिफारस'च्या कपाटात कधीच नव्हतं.

तिसऱ्या नियमाची पंचाईत मोठी. काही पुस्तकं अशी असतात की त्यांना वाचक मिळता मिळत नाही. असं एक पुस्तक मार्चमध्ये त्या कपाटात प्रकट झालं. गुळगुळीत मुखपृष्ठ, त्यावर मावळता सूर्य, आणि मागच्या बाजूला कवीचा फेटा बांधलेला फोटो. कवी म्हणजे आमचे अध्यक्ष. कर्मचाऱ्यांच्या कपाटात अध्यक्ष कसे, असं मुलीनं विचारलं. "मीही संस्थेचा सेवकच आहे," असं उत्तर मिळालं. चिठ्ठी त्यांनी स्वतःच टंकलिखित करून आणली होती, आणि तीत कवीविषयी आदरानं बोललं होतं.

आठवडे गेले. काकांनी ते पुस्तक आधी डोळ्यांच्या पातळीवर ठेवून बघितलं, मग 'मृत्युंजय'ला टेकवून. त्यातून एवढंच झालं की 'मृत्युंजय' न्यायला येणारे लोक हात आखडायला लागले. बाईंनी आपलं हुकमी वाक्यही वापरलं, पण ज्याला उद्देशून त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही आवडणार ते," तो पटकन म्हणाला, "हो ना!" आणि पुढं गेला. इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा वाया गेलं.

गेल्या मंगळवारी मी पुस्तक बदलायला गेलो तर बाईंनी माझं कार्ड आधीच बाहेर काढून ठेवलं होतं.

"सर, तुमच्या नावावर अध्यक्षांचा संग्रह टाकते."

"अहो, पण मी..."

"वाचायचा नाहीये. नुसता न्यायचा आणि आणायचा. शनिवारी सभा आहे, मागच्या कागदावर दोन-चार तारखा पडायला हव्यात. ते आल्या आल्या तो कागद उघडून बघतात." मग इकडेतिकडे बघून त्यांनी टेबलाच्या खणातून 'स्मृतिचित्रे' काढलं. "तुम्हाला त्रास पडतोय म्हणून हे बरोबर ठेवा. जादाचं आहे, लिहीत नाही."

मी दोन्ही पुस्तकं पिशवीत टाकली आणि संग्रह शुक्रवारी आणला तर चालेल का, असं विचारलं.

"शुक्रवारी कसं चालेल? उद्याच आणा," बाई वही चाळत म्हणाल्या. "परवा तो पेपरवाल्याच्या नावावर आहे."