हातभर कापड, दिवसभर शिलाई

"काय गं रेखा, काल रात्री साडेअकराला तुझं मशीन खडखडत होतं. लग्नसराईला तर अजून वेळ आहे. एवढे कुणाचे ब्लाऊज घेऊन बसलीस?"

"ब्लाऊज नाहीत हो काकू. नवरानवरी आहेत, रुखवतातले."

"अगं बाई! आणि बाहुल्यांसाठी रात्रीचा दिवस?"

"हळू बोला. कोपऱ्यावरच्या बंगल्यातलीच ऑर्डर आहे."

"म्हणजे त्यांच्या धाकटीचं ठरलं ते खरं तर! मला वाटलंच होतं. परवा वाण्याकडे भेटल्या तर नुसत्या गालातल्या गालात हसत होत्या. मुलगा बंगळूरचा ना गं?"

"ते मी नाही विचारलं. नवरदेवाची छाती साडेसहा इंच, एवढंच मला ठाऊक."

"पुरे तुझा चावटपणा. घेतलेस किती?"

"जोडीचे बाराशे. निम्मे आगाऊ."

"बाराशे! आणि आगाऊसुद्धा? अगं, तेवढ्यात मला अंगभर साडी येते."

"साडी येते काकू, शिलाई नाही येत. आणि त्याही हेच म्हणाल्या बरं का. 'एवढंसं तर कापड लागतं, पाचशेत कर.' कापडाचे पैसे मी लावतेच कुठे? निम्मं कापड शिंप्याकडच्या कातरणातलं. नाहीतर खणाचा एखादा तुकडा, लेस बोहरी आळीतून. पैसे लागतात ते हाताचे."

"हाताचे म्हणजे? मोठ्या माणसाच्या ब्लाऊजला दिवस जातो, बाहुलीचा तासात व्हायला हवा."

"उलट आहे सगळं. बाही दोन त्या दोनच, गळा एकच, टक्स तेवढेच, हूक तेवढेच. फक्त सगळं बोटाच्या पेरावर आणायचं. मोठ्या ब्लाऊजला बाही गोल शिवून मग मुंढ्यात बसवतो. इथे तो मुंढा मशीनच्या पायाखाली मावतच नाही. म्हणून कापड सपाट असतानाच बाही जोडायची आणि मग बाहीपासून कमरेपर्यंत एकाच शिवणीत खाली यायचं. टीप बारीक ठेवायची, सुई नऊ नंबरची. शिवणीला सोडायचं ते जेमतेम पाव इंच, आणि तेवढ्यातून दोरे निघायला लागले की गेलं सगळं."

"नऊवारी आहे ना गं नवरीला?"

"आहे ना! आता हिशेब बघा. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे धरून चाला माणसाचा सहावा हिस्सा. नऊ वारांचा सहावा हिस्सा दीड वार. पन्हा पंचेचाळीस इंच, तर हिला साडेसात. कागदावर झकास. पण कापडाची जाडी काही सहावा हिस्सा होत नाही. दीड वार गुंडाळलं की नवरी ढमाली दिसते. म्हणून खऱ्या निऱ्या निम्म्याच घ्यायच्या, काष्टा वेगळा शिवून मागे टाकायचा, आणि चापूनचोपून नेसल्यासारखं दाखवायचं."

"आणि पैठणीचा काठ? माझ्याकडे एक जुनी आहे, विरलेली. देऊ का?"

"तुमच्या पैठणीचा काठ चार बोटांचा. तो हिला मांडीपर्यंत येईल! काठ म्हणून मी पाऊण इंचाची जरीची पट्टी लावते. पदरातला एखादा छोटा मोर मात्र कापून देत असाल तर हवाय, शेल्याला."

"बघते. पैठणी कापायची म्हणजे पोटात गोळा येतो. पण काय गं, हे माप घेतेस कसं? फूटपट्टीने?"

"बाहुलीला पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, वरून कागदी चिकटपट्टी मारायची. त्यावर पेनाने शिवणी आखायच्या, गळा, मुंढा, कंबर. मग कात्रीने हलकेच कापून सोलून काढायचं. सपाट केलं की झाला खाका, पाव इंच वाढवून खाकी कागदावर उतरवायचा. प्रत्येक अंगाचा वेगळा. लोक फोनवर नुसतं 'बार्बीचा फ्रॉक' म्हणतात. मी विचारते, कुठली बार्बी? २०१६ पासून उंच, बुटकी, भरल्या अंगाची, अशा तिच्याही तऱ्हा झाल्यात. बारीक बार्बीचा फ्रॉक जाडीच्या कमरेवर मिटत नाही."

"माझंच ऐकतेय असं वाटलं!"

"शिवाय तिला हात वर करून घालता येत नाही. कोपर धड वळत नाही, बोटं बाहीत अडकतात. म्हणून पाठ पूर्ण उघडी ठेवायची, वर टिचबटणं. फ्रॉक पोहोचवताना मी सांगतेच, आधी हाताला प्लास्टिकचा तुकडा गुंडाळ, मग बाही सरकव. आणि पोर तीन वर्षांच्या आतलं असेल तर मणी नाहीत, बटणं नाहीत. सरळ तोंडात जातात."

"त्या मागच्या गल्लीतल्या बाईंनी गेल्या संक्रांतीला नातीच्या बाहुलीला काळी साडी आणली होती म्हणे कुठूनशी. दीडशेत मिळाली म्हणून केवढं कौतुक! हलव्याचे दागिनेसुद्धा घातले होते."

"आणि रथसप्तमीला साडी काढली तर बाहुलीचे पाय निळेजांभळे. माझ्याकडेच घेऊन आल्या होत्या, 'हे निघेल का?' आता कुठून निघणार? कच्चा रंग त्या प्लास्टिकमध्ये मुरतो. काळं, लाल, गर्द निळं कापड मी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुते आणि आत पांढऱ्या मलमलचं अस्तर लावते. त्या अस्तराचे पैसे दीडशेत कसे बसणार?"

"हं. म्हणजे तुझा धंदा म्हणजे रुखवत आणि संक्रांत."

"श्रावण सुरू झाला की श्वास घ्यायला फुरसत नसते. गोकुळाष्टमीला बाळकृष्णाचे पोशाख, तो घेर असलेला, नंबरावर विकला जाणारा. तो तुळशीबागेत स्वस्त मिळतो, त्यात मी पडतच नाही. कुणाचा वाड्यातला जुना, रांगता, विचित्र मापाचा बाळकृष्ण असेल तरच घेते. मग गौरींच्या शिवलेल्या साड्या. मुंजींच्या दिवसांत बटू, लंगोटी, दंड, झोळी सगळं. आणि एरवी अमेरिका."

"अमेरिका कशी आली मध्येच?"

"तुमच्याच बहिणीच्या नातीमुळे! न्यू जर्सीवाल्या. तिची ती अठरा इंची बाहुली नाही का, अमेरिकन गर्ल? १९८६ पासून निघतात त्या. तिला परकर-पोलकं हवं होतं, आणि उरलेल्या कापडात मुलीलाही तस्संच. गणपतीला तिथल्या मंडळात दोघी मिरवल्या. फोटो बघून चार जणींनी मागवलं. त्या एकजात भाव करत नाहीत बघा. त्यांना तिकडची शिलाई माहीत असते."

"तेच तर म्हणते मी, इथल्या लोकांना परवडेल असं ठेव. हौसेचं काम आहे ना तुझं?"

"हौस होती तोवर फुकट दिलं, काकू. निम्म्या कॉलनीच्या पोरींनी नेलंय. आणि हौसेची गोष्ट काढलीत म्हणून सांगते. १९५९ साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ती बार्बी पहिल्यांदा मांडली ना, तेव्हा तिचे कपडे कुणी शिवले होते? जपानमधल्या बायकांनी, घरी बसून, हाताने. कपडे बेतणाऱ्या शार्लट जॉन्सनबाई त्यासाठी जपानला जाऊन राहिल्या होत्या. इवलं अस्तर, इवली बटणं. बाहुलीचं नाव जगभर झालं, कंपनी मोठी झाली. त्या शिवणाऱ्यांपैकी एकीचं तरी नाव ऐकलंयत?"

"तुलाही नाही ना येत?"

"नाही ना! म्हणून मी निदान दर तरी सांगते."

"बोलण्यात कोण हरवणार तुला."

"बोलणं राहू द्या. काकू, तुमची हातशिलाई अजून सुरेख आहे. मला दुपारची मदत हवीये. या जोडीच्या मुंडावळ्या ओवायच्यात, शिवाय पुढच्या महिन्यात आणखी पाच जोड्या आहेत. जोडीमागे चाळीस देईन."

"चाळीस? अगं, ते मोती मोहरीएवढे! सुईत जाताना दिसणार तरी का? चष्मा लावून, मान मोडून तास जायचा माझा. साठ घेईन."

"साठ? काकू, वीतभर मुंडावळी ती!"

"मुंडावळी वीतभर असेना. मोती काय आपोआप जाऊन बसतात? गाठ मोठ्या मुंडावळीला मारतात तशीच मारायची, उलट दोरा बारीक म्हणून दोनदा मारायची. मध्येच तुटला तर सगळं पहिल्यापासून. आणि माझ्या पाठीचं काय?"

"पन्नास. आणि चहा."

"पंचावन्न. आणि चहा मीच करीन, तुझा पाणचट असतो. दे इकडे ते मोती. आणि हे बघ, निम्मे आगाऊ."