चव्वेचाळीसचा फेरा

वडनेरचे एक निवृत्त गुरुजी मजकूर सोडून बाकी सगळं वाचतात. पत्र आलं तर आधी तिकीट, मग शिक्का, मग पिनकोड. आत कोण आजारी आहे ते सगळ्यात शेवटी. खताचं पोतं, विजेचा खांब, ट्रकचं मागलं फळकूट, काडेपेटी, काहीही चालतं. आकडे दिसले की बेरीज, अक्षरं दिसली की शब्द.

१५ ऑगस्ट १९४८ला निघालेली गांधीजींची चार तिकिटं त्यांच्या फार लाडाची. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि एकदम दहा रुपये! त्या काळी दहा रुपयांचं तिकीट पाकिटावर लावणारा माणूस हिंगणघाट तालुक्यात निघाला असेल, यावर त्यांचा विश्वास नाही. सेवाग्रामात राहून ज्यानं चरखा चालवला, त्याची तिकिटं छापून आली स्वित्झर्लंडहून; पण गुरुजींचं बोट थांबतं ते नागरी आणि उर्दू लिपींत छापलेल्या ‘बापू’वर. सरकारी कागदावर घरातली हाक!

जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४०चं इंग्लंडचं ‘पेनी ब्लॅक’, त्यांना निव्वळ खोडसाळ वाटतं. त्यावर देशाचं नावच नाही. खालच्या दोन कोपऱ्यांत मात्र एकेक इंग्रजी अक्षर. एका तावात २४० तिकिटं, म्हणजे बरोबर एका पौंडाचा माल. वीस ओळी, प्रत्येकीत बारा. डावं अक्षर ओळीचं, उजवं रकान्याचं. म्हणजे ए ते टी आणि ए ते एल. ही अक्षरं जुळवून स्वतःचं नावगाव लिहिता येईल या आशेनं गुरुजींनी गावापासून सुरुवात केली आणि पहिल्याच अक्षराला अडले. टीच्या पुढे मजल जात नाही, तिथे व्ही कुठून आणणार? डब्ल्यूनं सुरुवात करावी तर तेही नाही. ब्रिटिशांनी वडनेरवर केलेल्या अन्यायांत हा एक त्यांनी नोंदवून ठेवला आहे.

वडनेरचं दुखणं तसं जुनंच. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कोणतं? बुलढाण्यात वडनेर भोलजी, अमरावतीत वडनेर गंगाई, नाशकात वडनेर भैरव. वर्ध्याचं वडनेर तेवढं बिनआडनावाचं. एकाच नावाच्या गावांनी टपालखात्याला देशभर असंच रडवलं होतं, शिवाय पत्ते नाना भाषांत आणि नाना अक्षरांत. त्यावर तोड काढली एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात मोठे अधिकारी होते. त्यांनी आखलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. हेच वेलणकर संस्कृतचे कवी. सरळ वाचलं तर राम आणि उलट वाचलं तर कृष्ण, असं विलोमकाव्य त्यांनी रचलं. असा माणूस आकडे उगाच मांडेल, हे गुरुजींना पटणं शक्यच नव्हतं.

म्हणून त्यांनी वडनेरं मांडून पाहिली. वर्धा जिल्ह्याचे पिनकोड ४४२नं सुरू होतात, बुलढाण्याचे बरेचसे ४४३नं, तर अमरावतीचे ४४४नं. विदर्भातली तिन्ही वडनेरं ओळीनं उभी! नाशिकचं ४२वालं पार पलीकडच्या रांगेत. त्या दिवशी गुरुजींनी टपरीवर सगळ्यांना स्वखर्चानं चहा पाजला, ही वडनेरच्या इतिहासातली दुर्मीळ घटना होय.

टपरी महामार्गाच्या कडेला, त्यामुळे वाचायला तोटा नाही. एमएच ३२ घरचा, ३१ नागपूरचा, ३४ चंद्रपूरचा, २९ यवतमाळचा. मधूनच तमिळनाडूचा एखादा बारा चाकी येतो, त्याच्या पाठीवरची गोल गोल अक्षरं पाहून गुरुजी हळहळतात. एवढा मजकूर समोरून जातो आणि वाचता येत नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्रानं २०१५मध्ये बंदी घातली तेव्हा त्यांना स्वतःचं पुस्तक जप्त झाल्यासारखं वाटलं. त्याआधी सरकारनं रस्त्याचा आकडाही बदलला होता. वाराणसी–कन्याकुमारी असा सात नंबरचा जुना महामार्ग. २०१०च्या फेररचनेत वडनेरचा तुकडा श्रीनगर–कन्याकुमारी या पावणेचार हजार किलोमीटरच्या रस्त्यात गेला. दक्षिणोत्तर रस्त्यांना सम आकडे, पूर्वपश्चिम रस्त्यांना विषम, असा तो नियम. सात गेला आणि आला ४४.

पिनकोडही ४४! गुरुजींची झोप उडाली. टपालखातं आणि रस्ते मंत्रालय एकमेकांना विचारून काही करत असतील, यावर त्यांचा आयुष्यभराच्या अनुभवानं विश्वास नव्हता. तिसरा ४४ सापडला तो एका कास्तकाराच्या बोलण्यात. बीटी कापूस येण्याआधी नांदेडच्या संशोधन केंद्राचं एक संकरित वाण विदर्भ-मराठवाड्यात शेतोशेत होतं: एनएचएच ४४, म्हणजे आपलं ‘नांदेड ४४’. इंग्रजीत लिहिल्यावर एक एच झाकला की सरळ एनएच ४४, महामार्गच!

गुरुजींनी कागदावर तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून त्या कास्तकारापुढे धरले. त्यानं कागद सुलटा केला, उलटा केला.

“चव्वेचाळीस बराबर हाये जी गुरुजी,” तो म्हणाला, “पण यंदाचा कापसाचा भाव यातल्या कोणत्या आकड्यात निघते, तेवढं सांगान काय?”