न गेलेले जपानकर

मराठी आडनावाला 'कर' लागतो तो मूळ गावावरून. काही माणसांना मात्र तो जिथे पाऊलही टाकलं नाही त्या मुलखावरून लावायला हवा. कोथरूड, ठाणे, नाशिक, कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीत एक तरी जपानकर सापडतो. वय पन्नाशीच्या आगेमागे, नोकरी बँकेत नाहीतर कारखान्याच्या क्वालिटी विभागात. ओळखायची खूण म्हणजे दारात काढलेल्या चपला: टोकं बाहेरच्या दिशेला, निघताना पाय सरळ आत जावेत अशा. मार्च उजाडला की आपण हापूसच्या पेटीचा भाव विचारतो, हे गृहस्थ क्योतोत साकुरा, म्हणजे चेरीचा मोहोर, किती उमललाय ते सांगतात. कपाटात एक प्लास्टिकचं फोल्डर असतं. त्यात दहा दिवसांचा कार्यक्रम मिनिटांसकट मांडलेला आणि समासात लाल पेनाने सूचना: टोकियोहून क्योतोला जाताना शिनकानसेन या बुलेट ट्रेनची 'ई' सीट घ्यायची, फुजी पर्वत त्या बाजूला दिसतो. फोल्डरच्या तळाशी दोन पासपोर्ट. पहिला दहा वर्षं जगून मुदत संपून वारला, दुसरा निम्म्यावर आला आहे; जपानचा शिक्का दोन्हींत नाही. माच्चा हा हिरवा चहा घुसळायची बांबूची रवी ऑनलाइन मागवली होती, ती हल्ली पिठल्याच्या बेसनातल्या गुठळ्या मोडते. त्या कामात ती उत्तम आहे, असं घरातल्यांचं मत.

अशा माणसाची टिंगल करणं सोपं, आणि कट्ट्यावर ती होतेही. "काय, यंदा तरी?" हा प्रश्न त्यांना दिवाळीच्या शुभेच्छांसारखा दरसाल पोचतो. या टिंगलीमागे एक गृहीत आहे: ओढ म्हणजे तिकिटाआधीची पायरी, तिकीट निघालं नाही तर ओढ फुकट गेली. मला हे मान्य नाही. ओढ हा पूर्णवेळचा, स्वतंत्र व्यवसाय आहे. आणि जपानच्या बाबतीत तर न गेलेल्यांची कामगिरी गेलेल्यांनी हेवा करावा अशी आहे. हजारेक वर्षांपूर्वीची 'गेंजी मोनोगातारी' ही जपानी कादंबरी १९२५ पासून इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवली ती आर्थर वेली यांनी. ब्रिटिश म्युझियमच्या नोकरीत असताना ते स्वतःच जपानी शिकले, आणि जन्मभर जपानला गेले नाहीत. चित्रकार मोनेने दोनशेहून अधिक जपानी चित्रं घराच्या भिंतींवर लावली, परसात तळं खणून त्यावर जपानी धर्तीचा पूल बांधला आणि म्हातारपणापर्यंत तोच रंगवला. जपान त्यानेही पाहिला नाही. व्हान गॉगने तर कमालच केली. १८८८ च्या फेब्रुवारीत तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी गेला आणि हाच आपला जपान असं ठरवून टाकलं. रेल्वेच्या तिकिटात भागलं. आपल्याकडे याला फार जुना आधार आहे. सावता माळी पंढरीला गेले नाहीत, विठ्ठल त्यांना मळ्यातच भेटला, असं परंपरा सांगते. जपानकरांचा मळा पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं ते उद्यान, आणि नाव कुणाचं, तर पु. ल. देशपांड्यांचं, ज्यांनी 'पूर्वरंग' लिहून कितीतरी मराठी घरांत जपान आधीच आणून ठेवला होता. पुढे 'तोत्तोचान' या जपानी पुस्तकाचा मराठी अनुवाद आला, शिरीष पैंनी हायकू रुजवला. त्याआधी 'लव्ह इन टोकियो' हा सिनेमा येऊन गेला होता आणि जाताना मुलींच्या वेण्यांना दोन गोळ्यांचं रबर लावून गेला. (ॲनिमे पाहून जपानी शिकणारी कॉलेजातली पोरं ही वेगळी जात. ती खरोखर जातात, त्यामुळे या लेखाच्या कामाची नाहीत.)

पहिला आक्षेप पैशांचा. हे सगळं तत्त्वज्ञान म्हणजे चिकटपणाला चढवलेला रेशमी सदरा, असं म्हणणारे भेटतात. पण हे गृहस्थ सिंगापूर, दुबई, थायलंड करून आलेले असतात, तेही टूर कंपनीच्या वरणभातासकट. येन घसरला तेव्हा ती बातमी सोसायटीत पहिली त्यांनीच दिली. मग अडतं कुठे? ते स्वतः कारणं देतात: साकुराच्या वेळी मार्चअखेर, मोमिजीच्या, म्हणजे पानं लाल होण्याच्या वेळी दिवाळी, आणि मध्ये जे उरतं त्यात पाऊस. शिवाय शाकाहार. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही वाळवलेल्या माशाचा दाशी असतो, हे त्यांना पाठ आहे. ही सारी कारणं खरी आहेत आणि यातलं एकही खरं कारण नाही. खरं कारण जपानी लोकांनाच ठाऊक असावं. पॅरिसची स्वप्नं बघत तिथे पोचलेले काही जपानी प्रवासी प्रत्यक्षातला पॅरिस पाहून आजारी पडत, आणि त्या अवस्थेला 'पॅरिस सिंड्रोम' हे नाव दिलं ते तिथेच काम करणाऱ्या एका जपानी मानसोपचारतज्ज्ञाने. जपानकर हा तो आजार होऊ नये म्हणून आधीच पथ्य पाळणारा माणूस आहे.

यावर कुणी म्हणेल, मग त्यांचा जपान खोटाच की! कामाच्या ओझ्याने मरण्यासाठी 'कारोशी' असा खास शब्द असलेला, ९० लाख घरं ओस पडलेला देश त्यांच्या फोल्डरमध्ये कुठे आहे? आहे. शेवटच्या कप्प्यात, कात्रणांसकट. उलट विचारायचं तर आठ दिवस जाऊन आलेल्यांनी काय पाहिलं? २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी माणसं जपानला गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांना फुजिकावागुचिको गावातल्या एका दुकानाच्या छपरावर फुजी बसल्यासारखा दिसतो तोच फोटो हवा होता. रस्ता अडायला लागला, कचरा साठला, तेव्हा गावाने मे महिन्यात तिथे अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी ताणली. थोड्याच दिवसांत जाळीला कॅमेऱ्याच्या मापाची भोकं पडली. क्योतोत गेइशांच्या मागे धावणाऱ्यांमुळे गिओनच्या खासगी गल्ल्या बंद करून दहा हजार येन दंडाच्या पाट्या लावाव्या लागल्या. या जत्रेत आमच्या जपानकरांचा वाटा शून्य. जपानवर इतकं प्रेम करून जपानला इतका कमी त्रास देणारा दुसरा कुणी मला दिसत नाही.

तिसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो पुरता खोडता येत नाही. यांचा जपान म्हणजे इथल्या लोकांना हाणायची काठी आहे, असं शेजारी म्हणतात. लोकल पंधरा मिनिटं उशिरा आली की हे २०१७ मधली गोष्ट काढणार: तिकडे त्सुकुबा एक्सप्रेस वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने माफी मागितली! फलाटावर घामाघूम उभ्या माणसाला ही माहिती कशाला हवी असते? हाऊसिंग सोसायटीच्या सभेत कचऱ्याचा विषय निघाला की त्यांना आवरणं अशक्य. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. सोसायटीत ओला आणि सुका कचरा न चुकता वेगळा करणारं घर त्यांचंच असतं, आणि दुधाची पिशवी धुऊन वाळत घातलेली दिसते ती त्यांच्याच गॅलरीत. रिकाम्या बसस्टॉपवरही हे खांबाला समांतर, रांगेत उभे असतात. एकट्याचीच रांग. मागून येणारा आधी हसतो, मग बाजूला जरा घुटमळतो, आणि पाचपैकी एखाद्या वेळी त्यांच्या मागे उभा राहतो. इतकं साधणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकून घ्यायला हरकत नसावी.

तेव्हा तुम्ही खरोखरच निघाला असाल तर टूर कंपनीच्या आधी यांना गाठा. व्हिसाची कागदपत्रं, सीटची बाजू, उकडलेली एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) कुठे मिळेल, सगळं तयार मिळेल आणि वर चहाही मिळेल. परत आल्यावर मात्र आपले फोटो त्यांना दाखवायला जाऊ नका. काही आणावंसं वाटलंच तर कॉफीचा मग किंवा फ्रिजवरचं चुंबक आणू नका. जपानमध्ये रेल्वेचं जाडजूड छापील वेळापत्रक अजून दरमहा निघतं. ते आणा.