समुद्राकडे तोंड करून

मँचेस्टर, २२ जून

ती. दादास,


फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं वहिनींना मनाने रचून सांगतोस. मागे मी ‘गुडघा दुखतोय’ म्हणालो, तर गुहागरभर माझं ऑपरेशन होऊन गेलं. म्हणून या वेळी कागदावर लिहितोय. वहिनींना मोठ्याने वाचून दाखव आणि मधले शब्द गाळू नकोस.

तर आम्ही दोघं चार दिवस समुद्रावर जाऊन आलो. हसलास ना? आगराच्या गडग्यापलीकडे ज्याला समुद्र फुकट, त्याने पैसे भरून समुद्र बघायला जायचं म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या दुकानात रांग लावून पेढे घेण्यासारखंच आहे. पण दोष लेकीचा. गेल्या महिन्यात लग्नाला २५ वर्षं झाली, तर तिने परस्पर हॉटेल ठरवलं आणि हुकूम सोडला, “तिथे जाऊन काहीही करायचं नाही. नुसतं बसायचं.” दादा, आपल्या घरात ‘नुसता बसलाय’ हे कोणी कौतुकाने म्हटल्याचं तुला आठवतं का? अण्णा ते शिवीच्या जागी वापरत.

गाव वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं. नाव लिहितात लँडुडनो, पण तसं म्हटलं तर तिथली माणसं दुखावतात. सुरुवातीला इंग्रजीत दोन ‘एल’ आहेत, आणि त्यांचा उच्चार करायला जीभ वरच्या दातांमागे टेकवून दोन्ही बाजूंनी हवा सोडावी लागते. पुढे ‘डुड’चं ‘डिड’ होतं. हॉटेलच्या मालकीणबाईंनी आम्हाला समोर उभं करून शिकवलं. मला वाटलं, आपल्याकडे ‘ळ’ आहे, आपलं काम सोपं. पण ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नसल्यामुळे माझी जीभ दारातच अडखळली. हिने मात्र दुसऱ्या झटक्यात बरोबर म्हणून दाखवलं. बाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, तुम्हाला आधीपासून येत होतं का? ही म्हणाली, गरम भाताचा घास तोंडात घेऊन बोलायची सवय आहे.

मँचेस्टरहून आगगाडी आहे. चेस्टर मागे पडलं की थोड्या वेळाने उजव्या हाताला पाणी लागतं आणि मग रूळ समुद्राच्या काठाकाठानेच धावतात. हिने चार दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, चहाचा मसाला आणि घरची किटली घेतली होती. खोलीत किटली होतीच. शेजारी चहाच्या पुड्या आणि दोन बिस्किटं. दुसऱ्या दिवशी बिस्किटं पुन्हा दोनच आली, तेव्हा ही म्हणाली, म्हणजे मोजतात. खाली चहाबरोबर बाईंनी ‘बारा ब्रीथ’ आणून ठेवलं. ही बशीकडे बघत राहिली. “बारा म्हणाल्या ना? मग एकच कसा?” वेल्श भाषेत ‘बारा’ म्हणजे पाव. सुका मेवा चहात भिजवून केलेला गोडसर पाव, वर लोणी. चांगला लागतो. वहिनींना कृती हवी असेल तर हिने लिहून घेतली आहे, चहाच्या जागी काय घालायचं याच्या स्वतःच्या सूचनांसह.

आता ‘नुसतं बसण्या’चा पहिला दिवस ऐक. सकाळी साडेदहापर्यंत आम्ही धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो होतो. हा लाकडी फळ्यांचा, लोखंडी खांबांवरचा धक्का तब्बल ७०० मीटर समुद्रात गेलाय. वेल्समधला सर्वांत लांब. १८५८ साली इथे एक धक्का बांधला होता, तो पुढच्याच वर्षी वादळाने झोडपला. आत्ताचा १८७७ चा. मी बंदर शोधत होतो. एवढा धक्का म्हणजे टोकाला गलबतं, होड्या, मासळीचा लिलाव काहीतरी असेल. टोकाला चार माणसं गळ टाकून बसलेली आणि एक आइस्क्रीमचं दुकान. इथे धक्का माल उतरवायला नाही, माणसांनी चालत जावं आणि परत यावं एवढ्यासाठीच आहे! आम्ही तेही नीट केलं नाही. भरभर गेलो, भरभर आलो, हिने मोबाइलवर पावलं मोजली आणि मी म्हणालो, “झालं. आता पुढे?”

पुढे धक्क्याच्या तोंडाशी ‘पंच आणि जूडी’ नावाचा बाहुल्यांचा खेळ चालतो. एकाच घराण्याकडे १८६० पासून. पिंगुळीच्या ठाकरांसारखंच पिढीजात काम. फरक असा की आपल्या बाहुल्या रामायण सांगतात आणि इथला पंच दिसेल त्याला दांडक्याने बडवतो. पोरं हसून लोळतात. आणि हा खेळ करणाऱ्याला इथे ‘प्रोफेसर’ म्हणतात. मी एवढं शिकून काय मिळवलं, असं तू विचारायचास, त्याचं उत्तर मला तिथे सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रेट ऑर्म चढलो. गावाच्या एका बाजूला समुद्रात घुसलेला चुनखडीचा डोंगर. २०७ मीटर. ऑर्म म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत सर्प. लांबून तसाच दिसतो, डोकं पाण्यात टाकून पडलेला. वर जायला १९०२ ची ट्राम आहे, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिला स्वतःचं इंजिन नाही. रस्त्याखालून जाणाऱ्या दोरखंडाला दोन डबे बांधलेले. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. रहाटाला दोन पोहरे बांधले तर कसं होईल, अगदी तसं. हे कळल्यावर हिने समोरून उतरणारा डबा भरलेला आहे की नाही हे नीट पाहून घेतलं, मग सैल होऊन बसली. अर्ध्यावर उतरून दुसऱ्या ट्राममध्ये बसायचं. तिथे जवळच कांस्ययुगातली तांब्याची खाण आहे. १९८७ साली मोटारी उभ्या करायला जागा साफ करताना सापडली. आत इतके अरुंद बोगदे आहेत की तिथे पोरांनाच खणायला लावत असणार असं म्हणतात. मी शिरस्त्राण घालून दोन वळणं गेलो आणि गुडघ्याचं निमित्त करून परत फिरलो. (गुडघा. ऑपरेशन नाही.)

वर बकऱ्या भेटल्या. पांढऱ्याशुभ्र, गुडघ्यापर्यंत केस, मागे वळलेली मोठाली शिंगं. आणि दादा, त्या काश्मिरी आहेत! खरंच. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून हा कळप या डोंगरावर मोकळा आहे. हिला इतका आनंद झाला की तिने पुढे होऊन हिंदीत विचारपूस सुरू केली. बकरीने गवतातून मान वर केली, हिच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. “दुसऱ्या पिढीतच भाषा जाते,” ही मला म्हणाली, “इथे तर किती पिढ्या झाल्या.” २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले तेव्हा याच बकऱ्या खाली गावात उतरून लोकांची कुंपणं खात हिंडत होत्या, तू तो व्हिडिओ मला पाठवला होतास, ‘तुमच्याकडे हे काय चाललंय’ असं विचारून. तेव्हा मी म्हटलं होतं, आमच्याकडे नाही, वेल्समध्ये. तर तेच हे.

वेल्श पलटणीतही पिढ्यान्‌पिढ्या बोकड पाळतात. मिरवायला, आणि रीतसर हुद्द्यावर! या डोंगरावरचे बोकडही त्या नोकरीत लागलेले आहेत. २००६ साली त्या पलटणीच्या बिली नावाच्या बोकडाने सायप्रसमध्ये तेव्हाच्या राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात रांग सोडली, तर त्याची लान्स कॉर्पोरलवरून साध्या शिपायावर उतरवणी झाली. तीन महिन्यांनी वागणूक सुधारली म्हणून हुद्दा परत मिळाला. मी माझ्या ऑफिसात अकरा वर्षं रांग न सोडता एकाच हुद्द्यावर आहे, हे हिने तिथल्या तिथे बोलून दाखवलं.

मुख्य दुर्घटना त्या दुपारची. धक्क्याजवळ बसून ही दशमीवर चटणी पसरत होती. दशमीची गुंडाळी केली, तोंडाजवळ नेली आणि मागून फडफड झाली. कोंबडीएवढा समुद्रपक्षी, पिवळी चोच, चोचीवर तांबडा ठिपका. गुंडाळी गेली! आसपासची माणसं हळहळली, एका आजोबांनी सांगितलं की भिंतीला पाठ लावून खायचं असतं, इथल्या पोरांनाही माहीत आहे. हिने तेही ऐकून घेतलं असतं. पण तो पक्षी चार हातांवर कठड्यावर बसला, गुंडाळी एकदा चोचीत फिरवली, आणि टाकून दिली. दादा, ही दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, “लोकांच्या कागदातले तेलकट, व्हिनेगर मारलेले बटाटे पळवतो आणि माझी चटणी टाकतो?” चोरी तिने माफ केली आहे. टाकणं केलेलं नाही. त्या चटणीत मीठ जरा जास्त होतं हे मी इथे, फक्त तुझ्याजवळ, लिहितो.

तिसऱ्या दिवशी पाऊस. मृगाचा नव्हे, इथला, आडवा येणारा, थेंब आहे की धुकं ते न ठरवलेला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रस्त्यावर जागोजागी पांढऱ्या अक्षरांत ‘अराफ’ लिहिलेलं होतं, म्हणतात मात्र ‘अराव’, अर्थ हळू. ही म्हणाली, शेवटचं अक्षर चुकलंय, ‘आराम’ हवं होतं.

आम्ही पश्चिमेच्या किनाऱ्याकडे चालत गेलो आणि तिथे मी जे पाहिलं त्यासाठी हे सगळं पत्र. किनाऱ्याला लागून दहा-बारा मोटारी उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. माझ्या मनात आलं, काही अपघात झाला की काय. जवळ गेलो तर प्रत्येकीत माणसं. एका गाडीत म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता, शेजारी म्हातारी विणत होती, दोघांच्या मध्ये थर्मास आणि डब्यात सँडविच. काचेवर पाऊस साचला, समुद्र दिसेनासा झाला, की म्हातारा हात लांब करून वायपर एकदाच फिरवायचा. समुद्र दिसायचा. दोघं वर बघायची. तो पुन्हा पेपरात, ती पुन्हा सुयांत. काच पुन्हा भरायची. आम्ही छत्रीखाली उभे राहून सहा-सात वायपर पाहिले. वाऱ्याने छत्री उलटी झाली तेव्हा म्हातारीने काच दोन बोटं खाली केली आणि म्हणाली, “छान दिवस आहे, नाही?” आणि चेष्टा नव्हती रे त्यात.

संध्याकाळी उघडलं. किनाऱ्यावर बाकांची ओळ आहे, बऱ्याच बाकांवर पितळी पट्टी: अमक्यातमक्याच्या स्मरणार्थ, ज्याला ही जागा आवडायची. आपल्याकडे देवळातल्या फरशीवर नावं असतात, पण ती देणगीच्या आकड्यासकट. आम्ही एका बाकावर बसलो. जूनमध्ये इथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे घाई नव्हती. थर्मासमध्ये चहा होता. तास गेला, दीड तास गेला. हिने पावलं मोजली नाहीत. मीही ‘आता पुढे?’ विचारलं नाही.

मग ही म्हणाली, “आपल्या घरातून समुद्र कुठून दिसतो हो?”

दादा, मी सांगू शकलो नाही. तिथे बसून मनातल्या मनात सगळं घर हिंडलो. ओटी रस्त्याकडे. माजघराला खिडकीच नाही. स्वयंपाकघराची खिडकी विहिरीकडे. मागलं दार आगरात उघडतं, पुढे पोफळी, मग माड, मग गडगा. खाऱ्या वाऱ्याला आणि पावसाला पाठ देऊन बांधलेलं घर, वाडवडिलांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण अण्णा आयुष्यभर ओटीवर समुद्राला पाठ करून बसले. नारळी पौर्णिमेला नारळ आणि गणपतीच्या विसर्जनाला गणपती, एवढ्यापुरतं त्यांचं समुद्राशी बोलणं. जुन्या काळात लोक पहाटे समुद्रावर कशाला जात ते तू आणि मी दोघंही जाणतो, आणि तेही समुद्राकडे तोंड करून नसे.

म्हणून एक काम कर. गडग्यापलीकडे, शेवटच्या माडाजवळ, एक बाक करून घे. गेल्या वादळात पडलेल्या फणसाचं लाकूड पडवीत आहे ना, तेच वापर. पाठीला टेकू हवा, आपल्याला आता लागतो. तोंड पश्चिमेला. सुताराला विचारशील तर तो ‘कशाला?’ म्हणेल, त्याला सांग, भाऊ परदेशातून वेडा होऊन येतोय. पैसे मी पाठवतो. दिवाळीला आलो की तू आणि मी बसू. पट्टीबिट्टी काही नको. अजून दोघंही धडधाकट आहोत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. — वहिनी, पत्र वाचलं मी. चटणीत मीठ बरोबर होतं. बाक चौघांचा करायला सांगा.