गोचीडमुक्ती : बऱ्हाणपूरच्या जावयांसाठी मार्गदर्शिका

१. पात्रता

ही मार्गदर्शिका सर्वांसाठी नाही. जो गृहस्थ सासुरवाडीला बऱ्हाणपुरात आला आहे, ज्याचा मावा जिलेबी, दराबा आणि मांडे या क्रमाने पाहुणचार झाला आहे, आणि त्यानंतर पँटच्या हुकाशी झटापट करताना ज्याने ‘उद्यापासून पहाटे फिरायला जायचं’ असा संकल्प सोडला आहे, तोच येथे पात्र समजावा. पुण्यात किंवा जळगावात ज्याला आठला उठवताना घरचे टेकीला येतात, तोच मनुष्य परगावी अंधारात बुटाचे बंद बांधतो. याचे कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेले नाही. सासऱ्यांना मात्र ते ठाऊक असते : घरातल्यांनी ‘जावईबापू व्यायामाचे फार पक्के’ असे म्हणावे.

अविवाहितांनीही वाचण्यास हरकत नाही. त्यांना कलम ५ मधील मंडळी भेटणार नाहीत, त्यामुळे त्यांचे काम दोन मिनिटांत उरकेल.

२. स्थळनिवड

बऱ्हाणपुरात फिरण्याजोगी ठिकाणे पुष्कळ. गोचिडाच्या दृष्टीने त्यांची प्रतवारी अशी.

कुंडी भंडारा : १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून उताराने शहराकडे आणण्याची ही योजना आखली गेली. शंभराहून अधिक कुंड्या एकमेकींना आतून जोडलेल्या आहेत. पाहायला लिफ्टने खाली उतरतात. गोचीड लागण्याची शक्यता नगण्य, व्यायामाचीही तेवढीच.

राजघाट आणि शाही किल्ल्याचा परिसर : पायऱ्या दगडी, गवत कमी. येथे धोका एकच. ‘आमचं कुत्र्यांशी फार जमतं’ हे दाखवण्यासाठी भटक्या कुत्र्याची मान खाजवू नये. त्याच्या कानामागे जे बसलेले असते त्याला मालक बदलायला काहीच हरकत नसते.

आहुखाना : तापीपलीकडे जैनाबादेत. ही मोगलांची हरणे राखण्याची बाग. १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा आग्र्याला नेण्याआधी तिला इकडेच दफन केले होते. हरणे तेथे गोचीड हा निसर्गनियम. पण दरबारी इतिहासकारांनी शहाजहानचा शोक तेवढा नोंदवला, हरणांची खाज नोंदवली नाही.

असीरगड : शहरापासून सुमारे वीस किलोमीटर, खंडव्याच्या रस्त्यावर. पावसाळ्यानंतर गवत कमरेला लागते, त्यातून गुरे हिंडतात, आणि मेव्हणा म्हणतो, “पायवाटेने कशाला, इकडून शॉर्टकट आहे.” पहिली पसंती याच जागेला द्यावी. मेव्हण्याला पुढे चालवावे.

३. प्रतिपक्षाचा परिचय

गोचीड हा किडा नव्हे. आठ पायांचा, कोळ्याच्या गोतावळ्यातला प्राणी आहे. त्याला उडता येत नाही आणि उड्याही मारता येत नाहीत. तो गवताच्या टोकाशी चढून पुढचे पाय पसरून बसतो आणि वाट पाहतो. त्या पायांवर एक इंद्रिय असते. त्याने त्याला श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. म्हणजे मांडे पचवत, धापा टाकत गड चढणाऱ्या जावयाने आपल्या आगमनाची वर्दी आगाऊच पाठवलेली असते.

पुढे तो काय करतो हे समजण्यास असीरगडाचाच इतिहास उपयोगी पडतो. हा गड ‘दख्खनचा दरवाजा’. पण फारुकींनी तो आसा अहिराकडून घेतला तो डोल्यांतून सैनिक आत घुसवून, अशी कथा आहे. पुढे १६०१ मध्ये अकबराला तो मिळाला तो तोफांपेक्षा सोन्याच्या जोरावर, असे म्हणतात. गोचिडाचे धोरण हेच. पहारेकऱ्याला आधी गप्प करायचे. त्याच्या लाळेत त्वचा बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात, म्हणून चावल्याचे कळतच नाही. मग तो मागे वळलेल्या काट्यांची सोंड आत रोवतो; कित्येक जाती भोवती सिमेंटसारखा लेपही लावतात. नंतर कित्येक दिवस मुक्काम. येताना तिळाएवढा असलेला हा पाहुणा जाताना एरंडाच्या बीएवढा होतो. जावयाने यावर बोलू नये. सासूबाईंच्या मनात तुलना येऊ शकते.

४. झडती

गडावरून परतल्यावर ‘आधी चहा’ हा आग्रह नम्रपणे नाकारावा. पहिल्या दोन तासांत साबण लावून अंघोळ करावी. अजून न रुतलेले गोचीड त्यात वाहून जातात. अंगावरचे कपडे पलंगावर टाकू नयेत. ते कडक उन्हात घालावेत आणि वर गरम इस्त्री फिरवावी. गोचिडाला कोरडी उष्णता सोसत नाही. बऱ्हाणपूरच्या उन्हात हे काम आपोआप होते.

मग आरसा घेऊन पुढील ठिकाणे तपासावीत : कानामागे, केसांत, मानेवर, काखेत, बेंबीत, कमरपट्ट्याखाली, गुडघ्याच्या लवणीत आणि जांघेत. या प्राण्याला उबदार, मऊ आणि अडचणीच्या जागा आवडतात. पाठीसाठी पत्नीस बोलवावे. “अहो, हा तीळ आधी होता का?” असा प्रश्न आल्यास बोटाने खरवडून पाहू नये. तिळाला पाय नसतात. पाय दिसले की कलम ५ कडे वळावे.

५. सल्लागार मंडळ आणि त्याची व्यवस्था

गोचीड काढणे दोन मिनिटांचे काम आहे. अवघड काम सल्ले काढण्याचे. ‘गोचीड’ हा शब्द कानावर पडताच घरात पुढील मंडळ आपोआप स्थापन होते :

सासरे : “मीठ आणि चुना चोळा, लगेच पाय सोडतो.”
शेजारचे आबा : “आमच्या बैलाला लागायचे तेव्हा रॉकेल लावत होतो.” (बैलाचे पुढे काय झाले हे विचारू नये.)
भाची : “मावसा, माझं नेलपॉलिश लावते, गुदमरून मरतो तो.”
मेव्हण्याचा मित्र, थेट बसस्टँडवरून फोनवर : “भैया, बीड़ी का चटका दो, खुद ही निकल जाएगा।”
सासूबाई : “तुपाचं बोट लावा.”

या सर्व उपायांत एक दोष समान आहे. चिडलेला, भाजलेला किंवा गुदमरणारा गोचीड सोडून जाण्याऐवजी आपल्या पोटातले आणि लाळेतले जखमेत ओकण्याची भीती असते. आणि त्याला जर काही रोग असेल तर तो आपल्या नावावर चढतो. बिडीने भाजते ती त्वचा जावयाची. नेलपॉलिश सुकेपर्यंत गोचीड निवांत जेवत राहतो. १८१९ मध्ये इंग्रजांनी असीरगडावर तोफा डागल्या आणि गड घेतला, हे खरे; पण गड त्यांचा नव्हता. आपली मांडी आपली आहे.

तरीही सल्लागारांचा अपमान करू नये. ‘आम्ही पुण्याला असं करत नाही’ हे वाक्य तर मुळीच उच्चारू नये. त्याचे पडसाद धोंड्याच्या महिन्यापर्यंत उमटतात. प्रत्येकाला एकेक जबाबदारी द्यावी. सासऱ्यांनी मोबाइलचा टॉर्च धरावा, कारण उजेड हवाच. सासूबाईंनी साबण आणि पाणी आणावे, कारण ते नंतर लागणारच. आबांना झाकणाची छोटी बाटली शोधायला पाठवावे. ती शोधायला त्यांना वेळ लागतो आणि ती आवश्यकही आहे. भाचीने फोटो काढावा, डॉक्टरला दाखवायला उपयोगी पडतो. नेलपॉलिशच्या पेटीतला बारीक टोकाचा प्लकर मात्र तिच्याकडून आताच मागून घ्यावा. बिडीवाल्या मित्राला “नेटवर्क नाही” असे सांगावे.

गोचीड अशा जागी असेल की जेथे मंडळाला प्रवेश देणे शक्य नाही, तर मंडळ दाराबाहेर बसवावे आणि आतून मधूनमधून “हो, हो” म्हणावे.

६. प्रत्यक्ष कृती

अ. हात धुवावेत. प्लकर स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसावा. स्वयंपाकघरातली सांडशी, नखे आणि दात ही साधने बाद.

आ. प्लकरची टोके त्वचेला जवळजवळ टेकवून गोचिडाचे तोंड पकडावे. पोट पकडू नये. पोट दाबणे म्हणजे त्याच्यातले सर्व काही आपल्या अंगात ढकलणे.

इ. सरळ वर, सावकाश आणि सारख्या जोराने ओढावे. पिरगळू नये, हिसका देऊ नये. त्वचा थोडी वर उचलली जाईल, सासरे “निघाला, निघाला!” म्हणतील, तरी घाई करू नये. थोडा वेळ ताण धरून ठेवला की तो सुटतो.

ई. सोंडेचा एखादा तुकडा आत राहिल्यास आणि तो सहज निघत नसल्यास सुईने खणू नये. त्वचा तो स्वतःच बाहेर टाकते. ‘मी लहानपणी काटे काढण्यात पहिला होतो’ असे कोणी म्हणत पुढे आल्यास त्याला आबांच्या मदतीला पाठवावे.

उ. चावल्याची जागा आणि हात साबण-पाण्याने धुवावेत, मग स्पिरिट लावावे.

प्लकर मिळालाच नाही, तर बोटांवर टिश्यूपेपर गुंडाळून त्वचेलगत पकडावे. मात्र नुसत्या बोटांनी नव्हे. याचे कारण पुढील कलमात.

७. काढलेल्याचे काय करावे

या क्षणी घरातला एक जण हमखास पुढे येतो आणि अंगठ्याच्या नखावर गोचीड ‘चट्’ करून फोडतो. त्याच्या चेहऱ्यावर पराक्रमाचे तेज असते. हे करू देऊ नये. २०११ साली गुजरातेत क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे भारतातले पहिले रुग्ण सापडले. तो ताप गोचिडाच्या चावण्याने पसरतो, तसाच गोचीड हाताने चिरडूनही. म्हणून आबा ती बाटली घेऊन आले असल्यास थोडे स्पिरिट घालून त्यात तो सोडावा आणि वर तारीख लिहावी. आबा आले नसल्यास चिकटपट्टीत घट्ट गुंडाळावा. डॉक्टरला दाखवायला हा पुरावा उत्तम. बाटली फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवू नये, हे लिहायचे कारण नव्हते. पण प्रकाशकांचा आग्रह आहे.

८. पुढचे तीन-चार आठवडे

बहुतेक वेळा काहीही होत नाही. थोडी खाज, लहानसा लाल ठिपका, एवढेच. पण गोचीड काही रोग नक्की वाहतात, आणि ते ओळखायला आपल्या लोकांना वेळ लागलेला आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसांना ताप आला, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधून काढला. २०१६ पासून तोच माकडताप सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठू लागला. बऱ्हाणपूर त्या पट्ट्यात येत नाही. तेव्हा मेव्हण्याने ‘माकडताप असेल’ असे म्हटल्यास त्याला माकडे मोजायला गडावर परत पाठवावे.

इकडे लक्ष ठेवायचे ते गोचीडतापाकडे. हा रिकेट्सिया नावाच्या जिवाणूंमुळे होतो. कुत्र्यांवरचे गोचीडही तो वाहतात. ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी, तळहात-तळपायांपर्यंत जाणारे पुरळ किंवा चावल्या जागी काळी खपली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे आणि पहिल्याच वाक्यात ‘असीरगडावर गोचीड चावला होता’ असे सांगावे. जावई बहुधा सुरुवात ‘तसं विशेष काही नाही’ अशी करतात. मग डॉक्टर व्हायरल समजतो आणि दिवस वाया जातात. या तापावर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध आहे आणि ते लवकर दिले तर चांगले लागू पडते. ते डॉक्टरने द्यायचे, मेडिकलवाल्याच्या पुतण्याने नव्हे.

९. शंका-समाधान

प्रश्न : गोचीड चावल्याबरोबर, ताप नसतानाही, अँटिबायोटिक घ्यावे काय?
उत्तर : मनाने नाही. डॉक्टरला विचारावे.

प्रश्न : मेव्हण्यालाही लागला असेल काय?
उत्तर : तो पुढे चालत होता. पाहावा.

प्रश्न : पुन्हा गडावर जावे काय?
उत्तर : अवश्य. वाटेच्या मधोमध चालावे, गवतात बसू नये. पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा शर्ट घालावा, म्हणजे चढणारा गोचीड दिसतो. उघड्या त्वचेला कीटकरोधक मलम लावावे. डीईपीए नावाचे असे द्रव्य आपल्याच ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केले आहे. पँटचे पाय मोज्यांत खोचावेत. हे ध्यान पाहून सासूबाईंनी काळजीने विचारल्यास ‘पुण्यात सध्या हीच फॅशन आहे’ असे सांगावे. पुण्याबद्दल काहीही सांगितले तरी बऱ्हाणपुरात विश्वास बसतो.